भट्टी विझली तर उरतं किती

चाळीसरावांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, आणि बहुधा तिथंच होतं. बाकी ऑफिसात, घरी, खालच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना ते चाळीसरावच. हे नाव पडलं तेव्हा त्यांची चाळिशी यायची होती, आणि पन्नाशी उलटली तरी ते चाळीसच राहिले. त्यांची बायको म्हणायची, वय थांबवण्याचा इतका स्वस्त उपाय दुसऱ्या कुणाला सापडला नसेल.

आधी ते आयुर्विम्याच्या कंपनीत होते. कोणत्या वयाची किती माणसं वर्षभरात जातात याची कोष्टकं मांडायची आणि त्यावरून विम्याचा हप्ता ठरवायचा, हे त्यांचं काम. तिथून ते ज्या ऑफिसात आले तिथंही मरणाचाच भाव काढायचे, फक्त माणसांच्या नव्हे, कंपन्यांच्या. म्हणजे असं, की एखाद्या निवृत्तिवेतन निधीनं कुठल्याशा कारखान्याला कर्ज दिलेलं असतं, त्याचे रोखे घेतलेले असतात. कारखाना बुडाला तर म्हाताऱ्या शिक्षकांच्या आणि नर्सबायांच्या पेन्शनचं काय, अशी निधीवाल्यांना धाकधूक. मग ते या ऑफिसला फोन करतात. दर वर्षी शंभरामागे ठरलेला हप्ता ते देणार, आणि कारखान्यानं हात वर केले तर रोख्यांवर जेवढं बुडेल तेवढं या ऑफिसानं भरून द्यायचं. या कराराला क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप असं भारदस्त नाव आहे. ऑफिसात नुसतंच स्वॅप म्हणत. आता हे ऐकून कुणी नाक मुरडेल, हा तर जुगार म्हणेल, तर म्हणू द्या. छत्री विकणाऱ्याला पाऊस पडावा असं वाटत नसतं, एवढं तरी आपण समजून घ्यावं.

चाळीसरावांना हे काम शिकवलं ते बाईंनी. बाई म्हणजे भाव काढणाऱ्यांच्या प्रमुख. सकाळी आल्या की चपला टेबलाखाली सारायच्या, आणि मग संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीतून हलल्या तर शपथ. कारखाने, विमानकंपन्या, जहाजं, खाणी, सगळ्यांचे भाव त्यांनी त्याच खुर्चीत बसून काढलेले. फोनवरच्या आवाजाचा त्यांना भारी कान होता. त्या म्हणत, गिऱ्हाईक एकच भाव दोनदा विचारायला लागलं की समजावं, त्याला झोप येत नाहीये.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी त्यांना बाजारातला चालू भाव दाखवला. एका कंपनीचा हप्ता शंभराला तीन होता. बुडाली तर शंभरातले साठ जातील असं धर, बाई म्हणाल्या, आणि तिनाला साठानं भाग. आले विसात एक. म्हणजे या वर्षात ती बुडण्याची शक्यता विसात एक आहे. आता पाच वर्षं तग धरण्याची किती, ते तूच काढ. चाळीसरावांनी गुणाकार केला. अशा शंभर कंपन्या असतील तर पाच वर्षांनी सत्त्याहत्तर उभ्या असतील.

त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. विमा कंपनीत एवढं एक उत्तर मिळवायला पिढ्यान्‌पिढ्यांच्या मृत्यूच्या नोंदी चाळाव्या लागत. इथं कुणी काही नोंदवलं नव्हतं, कुणी कुणाला विचारलं नव्हतं. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं आपापल्या पैशाच्या काळजीनं घासाघीस करत होती, आणि त्या घासाघिशीतून एका कंपनीच्या आयुष्याचा अंदाज आपोआप बाहेर पडत होता. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी बायकोला हे सगळं समजावून सांगितलं. ताट निवून गेलं तरी थांबेनात. बायकोनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, त्या कंपन्या तुम्ही कधी बघता का? नाही, ते म्हणाले. ‘म्हणजे पाण्यात म्हैस, बाहेर मोल,’ ती म्हणाली, आणि ताट गरम करायला घेऊन गेली.

बायकोचं बोलणं त्यांना लागलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना विचारलं, साठ जातील म्हणजे चाळीस उरतील, पण हे चाळीसच का? कॉम्प्युटरवर भाव काढायचा तक्ता उघडला की एका रकान्यात चाळीस हा आकडा आधीच बसलेला असे, आणि त्याला कधी कुणी हात लावला नव्हता. चाळीसराव म्हणाले, माणूस जातो तेव्हा शंभरच्या शंभर जातो, त्यातले चाळीस काही मागे राहत नाहीत, म्हणून विचारतोय. सगळे हसले. बाईंनी सांगितलं, की कंपनी बुडाली तरी तिची जमीन असते, यंत्रं असतात, गोदामातला माल असतो. ते विकून सावकारांना थोडंफार मिळतं. कुणाला सत्तर मिळतात, कुणाला दहा. बऱ्याच वर्षांची सरासरी चाळिसाच्या आसपास निघते. म्हणून चाळीस.

चाळीसरावांनी महिनाभर प्रत्येक कंपनीच्या वेळी तोच प्रश्न विचारला आणि त्यांचं बारसं झालं. गंमत अशी, की नाव पडल्यावर त्यांनी प्रश्न विचारणं सोडून दिलं. थट्टा कोण किती दिवस सोसणार? तेही तक्ता उघडायला लागले, चाळिसाला धक्का न लावता पुढं जायला लागले, आणि अशी बरीच वर्षं गेली.

मग एका शुक्रवारी निधीवाल्यांचा फोन आला. एका काचकारखान्याचे रोखे त्यांच्याकडे बक्कळ होते, आणि त्यांना पाच वर्षांसाठी स्वॅप हवा होता. सोमवारी भाव सांगा म्हणाले. चाळीसरावांनी नाव लिहून घेतलं आणि त्यांचा हात थबकला. तो त्यांच्या भाऊजींचा कारखाना होता. थोरल्या ताईचा नवरा तिथं भट्टीवर फोरमन होता. कारखान्याच्या वसाहतीतच त्यांचं घर, भाचीचं शिक्षण कारखान्याच्या पगारावर, आणि पन्नाशी ओलांडलेल्या भाऊजींना त्या भट्टीखेरीज दुसरं काही येत नव्हतं.

ते लगेच बाईंकडे गेले आणि नातं सांगून टाकलं. बाईंनी फाइल आपल्याकडे ओढली. हा भाव आता मी काढीन, त्या म्हणाल्या, तू यात आकडा घालायचा नाहीस, आणि घरी तर अवाक्षर काढायचं नाहीस. बुडण्याची शक्यता त्यांनी हिशेब करून विसात एक धरली. कारखान्याचं मोठं कर्ज दोन महिन्यांनी नव्यानं घ्यायचं होतं, बाटल्यांचं एकच मोठं गिऱ्हाईक होतं, त्यामानानं ते बरोबरच होतं. रकान्यात चाळीस होतेच. भाव आला तीन.

रविवारी चाळीसराव ताईकडे गेले. काही विचारायचं नव्हतं आणि काही सांगायचंही नव्हतं, पण घरात बसवेना. ताकाला जाऊन भांडं लपवायचा त्यांना सराव नव्हता. ताईनं दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना? शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून ते भाऊजींना म्हणाले, चला, आज तुमची भट्टी दाखवा. भाऊजी खुर्चीतून उठूनच उभे राहिले. लग्न झाल्यापासून ते मेव्हण्याला भट्टी बघायला बोलवत होते आणि मेव्हणा दर वेळी काहीतरी सबब सांगून सटकत होता.

शेडमध्ये शिरताच उकाडा अंगावर आला. भट्टी म्हणजे एखादी छोटी इमारतच होती, विटांच्या कमानीची, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. एका टोकाला वाळू, सोडा, चुनखडी आणि फुटक्या बाटल्यांचा चुरा आत ढकलला जात होता. दुसऱ्या टोकाला पेटत्या काचेचा थेंब लोंबायचा, कात्री खट्‌कन तो कापायची, साच्यात पडला की त्याची बाटली होऊन लालभडक उभी राहायची, आणि तोवर पुढचा थेंब आलेला असायचा. भाऊजींनी डोळ्यांपुढं धरायला त्यांच्या हातात निळ्या काचेचा तुकडा दिला आणि भिंतीतलं एक छोटं झाकण सरकवलं.

चाळीसरावांना वाटलं होतं आत ज्वाळांचं थैमान असेल. ज्वाळा होत्याच, वरून एका कडेकडून दुसऱ्या कडेला वाहत होत्या. पण त्यांच्याखाली वितळलेल्या काचेचं एक तळं होतं, आणि ते इतकं शांत होतं, की त्यांनी नकळत श्वास रोखला. वर आगीचं आकाश आणि खाली आगीचंच पाणी. त्यांना उगीच वाटलं, आपण इथं मोठ्यानं बोलू नये.

‘माझ्या पोरीहून मोठी आहे ही,’ भाऊजी म्हणाले. ‘लग्नाच्या वर्षी पेटवली, तेव्हापासून एक दिवस विझलेली नाही.’

‘आणि विझली तर?’ चाळीसरावांनी विचारलं.

भाऊजी हसले. हा प्रश्न त्यांना नव्या पोरांकडून ऐकायची सवय होती. विझली तर ही सगळी काच आतल्या आत थिजून दगड होईल, ते म्हणाले, आणि विटा आकसून तडकतील. मग पेटवायची सोय नाही. सुरुंग लावून फोडायची आणि भंगारात घालायची. जमीनसुद्धा भाड्याची आहे. भट्टी आहे तोवर कारखाना, नाहीतर नुसत्या चार भिंती. गॅसवाल्यांचं बिल थकलं, तर पहिला कॉक तेच बंद करतात. म्हणून तर मी रजा घेत नाही रे, असं म्हणून त्यांनी झाकण सरकवून बंद केलं आणि मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्याचा चेहरा पडला होता. उकाड्यानं झालं असेल असं समजून त्यांनी त्याला पाणी दिलं.

सोमवारी बाईंनी चपला काढायच्या आत चाळीसराव त्यांच्यासमोर उभे होते. पाहिलेलं सगळं त्यांनी सांगितलं. यात गुपित असं काही नव्हतं, काचेच्या धंद्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं. पण या खोलीत ते कुणाला ठाऊक नव्हतं, कारण या खोलीतून उठून भट्टी बघायला कोणी गेलंच नव्हतं. कारखाना बुडाला, गॅस तुटला आणि भट्टी विझली, तर शंभरातले पाचसुद्धा हाताला लागायचे नाहीत. चाळीस कुठले?

बाईंनी बराच वेळ त्या रकान्याकडे पाहिलं. मग चाळीस खोडून पाच टाकले. शक्यता तीच, विसात एक. भाव तीनवरून पावणेपाचावर गेला.

आकडा पडद्यावर उमटला आणि चाळीसरावांना आपण काय करून बसलो ते कळलं. हा भाव निधीवाल्यांना सांगितला की दुपारपर्यंत बाजारात होणार. कालपर्यंत बाजारात तीनला मिळणारं संरक्षण आज पावणेपाच मागतंय, म्हणजे कारखान्याचं काहीतरी बिनसलंय, असंच जो तो म्हणणार. मग दोन महिन्यांनी बँका नवं कर्ज देताना जास्त व्याज मागणार, नाहीतर देणारच नाहीत. व्याज भरता भरता गॅसचं बिल थकणार. बुडत्याचा पाय खोलात, आणि तो पाय धरून खाली ओढायला त्यांनीच हात लावला होता. इतकी वर्षं ज्या आकड्यापुढं ते हात जोडून उभे राहिले होते, तो आकडा नुसतं भविष्य सांगत नव्हता, ते घडवतही होता. ताईच्या घराचं छत आता त्याच्यावर टेकलेलं होतं.

त्यांनी बाईंना विनवलं, तीनच सांगा, आजवर चाळीसच धरत होतो ना? बाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्यांना बसायला सांगितलं. ताप मोजणाऱ्याला गप्प बसवून ताप उतरत नाही, त्या म्हणाल्या. आज कळूनसवरून खोटा भाव सांगितला, तर उद्या आपल्या खऱ्या भावालाही कोणी विचारणार नाही. आणि त्यांनी फोन पुढं ओढला.

चाळीसराव बसून राहिले. डोळ्यांपुढं तेच तळं होतं. कारखाना बुडणं आणि भट्टी विझणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं. सावकारांचा हप्ता चुकला म्हणजे कारखाना बुडाला, पण त्या दिवशी गॅस चालू असेल, तर भट्टी जिवंतच असेल. जिवंत भट्टी कोणीही विकत घेईल. शंभरातले सत्तर तरी हाताला लागतील. मग चाळीस कधी उरतात? या कारखान्यात तर कधीच नाही. सत्तर नाहीतर पाच, मधलं काही नाही.

‘बाई, दोन भाव सांगा,’ ते म्हणाले. ‘आहे तसं असेल तर पावणेपाच. आणि सहा महिन्यांच्या गॅसचे पैसे वेगळे काढून ठेवले, बुडाल्यावरही कुणाला हात लावता येणार नाही असे, तर दीड.’

बाईंचा हात फोनवरच थांबला. त्यांचा एक नियम होता, आणि ऑफिसात सगळ्यांना तो पाठ होता. एका नावाला एकच भाव. दोन भाव सांगतो तो बाजारातला भाजीवाला, असं त्या म्हणत. हा नियम त्यांनी वरच्या साहेबांसाठीही मोडला नव्हता, आणि आता त्यांनी तोच चाळीसरावांना ऐकवला.

‘नाव एकच आहे, बाई,’ चाळीसराव म्हणाले. ‘पण मरणं दोन आहेत.’

बाईंनी शेजारच्या टेबलावरच्या पोरीला हाक मारली आणि तिच्याकडून दीडचा हिशेब पुन्हा तपासून घेतला, कारण भाऊजींचा कारखाना असल्यानं चाळीसरावांचा आकडा त्या तसाच घेणार नव्हत्या. हिशेब जुळला. मग त्यांनी निधीवाल्यांना फोन लावला आणि आपल्या नेहमीच्या कोरड्या आवाजात आधी पावणेपाच सांगितला, त्याचं कारण सांगितलं, आणि मग दीड सांगितला. पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, दुसरा भाव काय म्हणालात? बाईंनी सांगितला. थोडं इकडचंतिकडचं बोलून त्यांनी पुन्हा विचारलं, तो दुसरा भाव दीडच ना? बाईंनी फोन ठेवला आणि चाळीसरावांकडे पाहून मान डोलावली.

पुढचं निधीवाल्यांनी केलं. रोखे त्यांच्याकडेच जास्त होते, त्यामुळं त्यांच्या शब्दाला वजन होतं. गॅसचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय नव्या कर्जाला संमती नाही, असं त्यांनी कारखान्याच्या मालकांना कळवलं. मालकांनी कुरकुर केली आणि पैसे ठेवले. दीडच्या भावानं स्वॅप झाला, तो भाव बाजारात गेला, बँकांनी तो पाहिला आणि कर्जही दिलं. चाळीसरावांना वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

पण विसात एक म्हणजे शून्य नव्हे. पुढच्याच वर्षी बाटल्या घेणारं ते मोठं गिऱ्हाईक अचानक गाळात गेलं, पैसे अडकले, आणि कारखान्याचा कर्जाचा हप्ता चुकला. कारखाना बुडाला. ताईचा फोन आला, तिला रडू आवरत नव्हतं. चाळीसरावांनी एवढंच विचारलं, भट्टी चालू आहे का? ताई चिडली. ‘आमचं घर जायची वेळ आली आणि तुला भट्टीचं पडलंय?’ मग नाक ओढत म्हणाली, चालू आहे, हे तिथंच बसून आहेत.

भट्टी चालू राहिली. सावकारांचे वकील भांडत होते, मालक तोंड लपवत होते, आणि बाजूला काढलेल्या पैशातून गॅसचं बिल महिन्याच्या महिन्याला भरलं जात होतं. त्या खात्याला कुणालाच हात लावता येत नव्हता. गिऱ्हाइकं बघायला आली, झाकण सरकवून आत डोकावून गेली, आणि अखेर दुसऱ्या एका काचवाल्यांनी माणसांसकट सगळा कारखाना उचलला. रोख्यांचे शंभरातले बहात्तर वसूल झाले. वरचे अठ्ठावीस स्वॅपप्रमाणे बाईंच्या ऑफिसनं भरले. वरच्या साहेबांनी खाली येऊन विचारलं, दीडला विकून अठ्ठावीस गमावले, हा कुठला शहाणपणा? बाई म्हणाल्या, तीनला विकून पंच्याण्णव गमावणार होतो. साहेबांनी मनाशी हिशेब केला आणि ते आले तसे वर गेले.

त्यानंतर एके दिवशी बाईंनी टेबलाखालच्या चपला पायात सरकवल्या. जेवणाची सुट्टी अजून व्हायची होती. सगळे बघतच राहिले. ‘तुझी ती भट्टी मला दाखव,’ त्या चाळीसरावांना म्हणाल्या.

भाऊजींनी त्या दिवशी स्वच्छ शर्ट घातला होता. या बाई कोण, हे मेव्हण्यानं त्यांना थोडक्यात सांगून ठेवलं होतं, आणि ते थोडे बिचकलेच होते. शेडकडे चालता चालता त्यांनी हळूच विचारलं, कारखाना कधी बुडणार ते तुम्हाला खुर्चीत बसून कसं कळतं? ते भट्टीपाशी इतकी वर्षं उभे होते, तरी त्यांना कळलं नव्हतं. बाई म्हणाल्या, कधी ते आम्हालाही कळत नाही हो. भाऊजींना त्याचंच जास्त नवल वाटलं. न कळताही कुणीतरी गॅसचे पैसे आधीच बाजूला काढायला लावले होते, आणि त्यामुळं ते आज इथं, आपल्या भट्टीपुढं, उभे होते. त्यांना नीट शब्द सापडले नाहीत. त्यांनी निळी काच आपल्या शर्टाच्या टोकानं पुसली, बाईंच्या हातात दिली आणि झाकण सरकवलं.

बाई पुढं झाल्या. उजेड त्यांच्या तोंडावर पडला. मागं कात्रीची खटखट चालली होती, बाटल्या एकामागून एक उभ्या राहत होत्या. चाळीसराव बाजूला उभे राहून बाईंकडे बघत होते. आत काय आहे ते त्यांना पाठ होतं, वरचं आकाश आणि खालचं तळं. बाई इतका वेळ हलल्या नाहीत, की भाऊजींना काळजी वाटली, आणि उकाडा सोसत नसेल तर मागं या म्हणून त्यांनी सांगून पाहिलं. बाईंना ते ऐकू आलं नसावं.

‘ह्याला मी चाळीस म्हणत होते,’ त्या म्हणाल्या, आणि काच परत न देता पुन्हा आत बघायला लागल्या.